सहा ऋतूंच्या सहा पेट्या : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

ऋतूनुसार आयुर्वेदीय औषधे घरपोच देणाऱ्या एका सेवेची मी वर्षभराची वर्गणी भरली होती. वर्षातून सहा वेळा, प्रत्येक ऋतूच्या तोंडावर, एक पेटी येते. तिच्यात एक चाटण, एक-दोन चूर्णे, काढ्याची भरड आणि त्या ऋतूत काय खावे, किती झोपावे, व्यायाम किती करावा हे सांगणारी पुस्तिका असते. शिवाय वैद्यांशी फोनवर बोलण्याची सोय आहे. ऋतुचर्येवर, म्हणजे ऋतूनुसार पाळायच्या आहारविहारावर, आधारलेल्या सेवेविषयी एकाच ऋतूच्या अनुभवावरून मत देणे मला पटत नव्हते, म्हणून सहाही पेट्या वापरून झाल्यावर लिहिते आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. अशा सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत, आणि मला जे खटकले किंवा आवडले ते कोणतीही पेटी घेताना तपासून पाहता येईल असेच आहे.

वर्गणी भरण्याचे कारण साधे होते. मला एरवी फारसे काही होत नाही, पण हवा पालटली की सर्दी, घसा धरणे आणि मग आठवडाभर रेंगाळणारा खोकला हे ठरलेले असते. आयुर्वेदात या काळाला ऋतुसंधी म्हणतात. सरत्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ दिवस मिळून हा १४ दिवसांचा काळ होतो. या दिवसांत जुन्या ऋतूचा आहारविहार हळूहळू सोडावा आणि नव्याचा हळूहळू धरावा, एकदम बदल करू नये, असे प्राचीन वैद्य वाग्भटाने अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथातील ऋतुचर्येच्या अध्यायात सांगितले आहे. यामागचा विचार मला नेहमीच फार सयुक्तिक वाटत आला आहे. आयुर्वेद शरीरात वात, पित्त आणि कफ हे तीन दोष मानतो. वात ग्रीष्मात साठतो आणि वर्षा ऋतूत उसळतो. पित्त वर्षेत साठते आणि शरदात उसळते. कफ थंडीत साठतो आणि वसंतात पातळ होऊन त्रास देतो. म्हणजे आजार ज्या दिवशी दिसतो त्याच्या कितीतरी आधी त्याची तयारी सुरू झालेली असते, आणि सांभाळायचे असते ते त्या आधीच्या दिवसांत. वर्षभर एकच गोळी घ्यायला सांगणाऱ्या उत्पादनांपेक्षा ऋतूप्रमाणे बदलणारी पेटी या विचाराच्या अधिक जवळची आहे, असे मला वाटले होते, आणि मूळ कल्पनेबद्दलचे माझे ते मत अजूनही कायम आहे.

पेटीच्या झाकणावर मात्र ठळक अक्षरांत ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे छापलेले आहे. ग्रंथांमधला शब्द व्याधिक्षमत्व असा आहे, आणि चरकसंहितेवर भाष्य लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्ताने त्याचे दोन भाग सांगितले आहेत : झालेल्या रोगाच्या बळाला विरोध करणे आणि रोग उत्पन्न होण्यालाच अडथळा करणे. हे सामर्थ्य एखाद्या वनस्पतीने चमचाभर वाढते असे त्यात कुठे सुचवलेले नाही. ते अग्नीवर, म्हणजे खाल्लेले पचवण्याच्या ताकदीवर, झोपेवर, वयावर, शरीराच्या मूळ घडणीवर आणि ऋतूवर अवलंबून आहे. पेटीतल्या पुस्तिकेत हे सगळे नीट लिहिलेले असताना झाकणावर असा ठोकळ दावा करण्याची काय गरज होती, हे मला समजले नाही. ज्यांनी पुस्तिका लिहिली आणि ज्यांनी झाकण छापले ती माणसे एकमेकांशी बोललेली दिसत नाहीत.

सहाही पेट्यांत मला सर्वांत आवडली ती हिरड्याची छोटी डबी. ‘ऋतुहरीतकी’ ही जुनी पद्धत त्यांनी तंतोतंत पाळली आहे. चूर्ण हिरड्याचेच असते, पण अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचा पदार्थ, ऋतूप्रमाणे बदलते. वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. डबीबरोबर त्या त्या ऋतूच्या अनुपानाची वेगळी पुडी येते. वर्षा ऋतूत मी सैंधवाबरोबर रात्री हे चूर्ण घेत होते. चव तुरट, जीभ आवळून धरणारी, आणि मागाहून पाणी प्यायल्यावर किंचित गोड. पावसाळ्यात मला पोटात जो जडपणा येतो तो पहिल्या दहा-बारा दिवसांतच कमी झाला. शरदात तेच चूर्ण साखरेबरोबर घेताना ते सौम्य लागले. वस्तू एक, पण ऋतूप्रमाणे तिचा सोबती बदलला की तिचे काम बदलते, हे इतक्या साध्या रीतीने हातात देणारे दुसरे काही मला बाजारात सापडलेले नाही. हिरडा गर्भवतींना आणि फार कृश किंवा थकलेल्या माणसांना देऊ नये, असा इशाराही डबीवर मराठीत स्पष्ट छापलेला आहे. त्याबद्दल कंपनीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

चूर्णाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चूर्णाचे वीर्य, म्हणजे औषधी ताकद, २ महिन्यांनंतर कमी होते, तर गोळ्या आणि चाटणे वर्षभर टिकतात, असे सांगितले आहे. आसव-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधे, तर जुनी झाली की अधिक गुणकारी होतात. आजची हवाबंद डबी त्या काळी नव्हती, त्यामुळे हा नियम अक्षरशः लावता येणार नाही हे मी मान्य करते. पण ज्या सेवेचा सगळा भर ग्रंथांवर आहे तिने निदान ताजे चूर्ण पाठवावे ही अपेक्षा रास्त आहे. वसंताच्या पेटीतल्या सितोपलादि चूर्णावर उत्पादनाची तारीख ७ महिन्यांपूर्वीची होती. झाकण उघडले तर वेलचीचा वास जवळजवळ येतच नव्हता. सितोपलादीचे प्रमाण ठरलेले आहे : खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीतून मिळणारे पांढरे द्रव्य) ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. निम्म्याहून अधिक साखरच असलेल्या या चूर्णात वास आणि तिखटपणा पुरवणारी द्रव्ये मुळातच थोडी असतात, आणि तीच उडून गेली तर हातात गोड पांढरी पूड उरते. मी तक्रार केल्यावर त्यांनी नवी डबी पाठवली. तिच्यावरची तारीख महिन्याभरापूर्वीची होती, आणि झाकण काढताक्षणी पिंपळीने नाक हुळहुळले. म्हणजे ताजे चूर्ण त्यांच्याकडे होते.

आता च्यवनप्राशाविषयी. पेटीतली ही सर्वांत मोठी बरणी, आणि बहुतेक लोक वर्गणी भरतात ती हिच्याचसाठी, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच, रसायनाच्या, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांच्या, अध्यायात हा पाठ येतो. त्यात ५०० आवळे, दशमुळांसह (दहा औषधी मुळांसह) अनेक वनस्पतींचा काढा, तेल आणि तूप मिळून १२ पळे (पळ हे वजनाचे जुने माप), खडीसाखरेच्या जातीची साखर ५० पळे, वंशलोचन ४ पळे, आणि पिंपळी २ पळे आहे. दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर ही सुगंधी द्रव्ये मिळून १ पळ, असे काही जण मानतात, तर काही जण प्रत्येकी १ पळ घेतात. मध ६ पळे, आणि तो पाक पूर्ण निवल्यावर घालायचा. आवळा हा यातला गाभा. आवळ्याचा गर तेला-तुपात परतायचा असतो, आणि याच पायरीवर बनवणाऱ्याचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण ती पायरी वेळ खाते आणि तूप महाग पडते.

हेमंताच्या पेटीत आलेली बरणी मी घरी पारखून पाहिली. चाटण नीट शिजले आहे की नाही हे ओळखण्याच्या खुणा ग्रंथांत दिलेल्या आहेत : त्याला तार सुटते, पाण्यात टाकले तर ते न विरघळता तळाशी जाते आणि बोटांनी दाबले तर बोटावरच्या रेषांचा ठसा त्यावर उमटतो. काचेच्या वाटीत पाणी घेऊन मी सुपारीएवढा गोळा सोडला. तो थेट तळाशी गेला आणि पाच मिनिटांनी पाहिले तरी पाणी स्वच्छ होते, कडेला फक्त तुपाचे दोन-तीन बारीक थेंब तरंगत होते. अंगठ्याने दाबल्यावर ठसा स्पष्ट उमटला. चवीत आधी आंबट-तुरट आवळा, मग गोडवा, आणि गिळल्यावर घशात पिंपळीची ऊब. आवळ्याचे तंतू जिभेला किंचित लागत होते. काहींना ते आवडणार नाही, पण मला त्यामुळे उलट विश्वास वाटला. उत्पादनाची तारीख थंडीतली, म्हणजे ताज्या आवळ्याच्या हंगामातली होती. ही बरणी उत्तम होती, आणि थंडीच्या चार महिन्यांत रोज सकाळी एक चमचा घेताना भूक चांगली लागली, सकाळचा थकवा कमी वाटला.

माझा आक्षेप वेगळा आहे. हेच च्यवनप्राश त्यांनी वर्षा ऋतूच्या पेटीतही पाठवले होते, ग्रीष्मातही पाठवले आणि तेवढ्याच मात्रेत घ्यायला सांगितले. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, असे त्यांचीच पुस्तिका पहिल्या पानावर सांगते. मग तूप, साखर आणि फळाचा गर असलेले जड चाटण त्याच महिन्यांत पूर्ण चमचाभर घ्यायला सांगणे हे त्यांच्याच तत्त्वाला धरून नाही. मी आषाढाच्या अखेरीस आलेली बरणी दहा दिवस घेतली, जेवणाची वासना गेली, आणि जीभ सकाळी पांढरट दिसू लागली. बरणी बंद करून ठेवली तेव्हा आठवड्याभरात बरे वाटले. हेमंतात अग्नी प्रखर असतो, तेव्हा हेच चाटण अंगी लागले. ऋतूप्रमाणे बदलणारी सेवा म्हणून जाहिरात करायची आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू सहाही पेट्यांत तशीच ठेवायची, ही या सेवेतली सर्वांत मोठी विसंगती आहे. रसायन घेण्याआधी पोट साफ आणि पचन ठीक असावे, हा साधा नियमही बरणीवर छापायला हवा होता.

काढ्याच्या भरडीत मला दुसरी अडचण आली. पुस्तिकेत एक चमचा भरड कपभर पाण्यात ५ मिनिटे उकळून गाळावी असे लिहिले आहे. काढ्याचा शास्त्रीय नियम द्रव्याच्या १६ पट पाणी घालून ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवण्याचा आहे. व्यवहारात चौथा हिस्साही ठेवतात. मी दोन्ही प्रकारे करून पाहिले. पाच मिनिटांचा काढा फिकट पिवळा, चहासारखा पातळ झाला. १० ग्रॅम भरड १६० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर आटवली तर वीस-पंचवीस मिनिटांनी ४० मिलिलिटर गडद तपकिरी, कडवट काढा उरला आणि घसा मोकळा झाल्याचे लगेच जाणवले. पण तुळस आणि दालचिनीचा वास त्यात कुठेच उरला नव्हता. मी वैद्यांना फोन करून विचारले तेव्हा त्यांनी फार चांगले समजावले. अडुळसा, ज्येष्ठमध, गुळवेल अशा द्रव्यांचा आटवून काढा करावा लागतो. तुळस, दालचिनी ही सुगंधी द्रव्ये गरम पाण्यात झाकून ठेवावीत, म्हणजे त्यांचा फांट करावा, नाहीतर त्यातले उडून जाणारे तेल वाफेबरोबर निघून जाते. मग ही दोन्ही प्रकारची द्रव्ये एकाच पुडीत कशाला एकत्र केली, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला. दोन वेगळ्या पुड्या दिल्या असत्या तर भागले असते.

आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेला काढा पुष्कळांच्या लक्षात असेल : तुळस ४ भाग, सुंठ २, दालचिनी २ आणि काळी मिरी १. या पेटीतली शिशिराची भरड त्याच धर्तीवर आहे, आणि शिशिरात ती योग्यच आहे. पण सुंठ, मिरी आणि दालचिनी ही तिन्ही उष्ण आहेत. त्या वर्षी आमच्या घरी उन्हाळ्याच्या दिवसांत दिवसातून तीन-तीन वेळा असा काढा घेतला गेला, आणि माझ्या वडिलांना छातीत जळजळ, तोंड येणे, हे सगळे झाले. ग्रीष्माच्या पेटीत त्यांनी भरड बदलून वाळा, धणे आणि बडीशेप दिली आहे, हे पाहून बरे वाटले. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी शरदात तर उष्ण काढ्याच्या वाटेला जाऊच नये.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. शिशिराच्या पेटीत गुळवेलीच्या गोळ्या होत्या आणि रोज दोन वेळा सगळ्यांनी घ्याव्यात असे लिहिले होते. वर्गणी भरताना वय, सध्या चालू असलेली औषधे, मधुमेह, रक्तदाब, यकृताचा किंवा थायरॉईडचा आजार, गर्भारपण यांपैकी एकही गोष्ट त्यांनी विचारली नव्हती. आमच्या आईला मधुमेह आहे आणि ती गोळ्या घेते. गुळवेल रक्तातली साखर उतरवू शकते, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र देणे धोक्याचे आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी तिची गल्लत होते हे पुढे निदर्शनास आणले. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. त्या वादाचा निकाल लावणे हे माझे काम नाही, परंतु घेणाऱ्याने वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. या गोळ्यांच्या डबीवर ते होते. काढ्याच्या पुडीवर मात्र ‘निवडक औषधी वनस्पतींचे मिश्रण’ एवढेच लिहिले होते, आणि हे मला अजिबात मान्य नाही. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असायला हवी, आणि ती नसेल तर पुडी परत करावी.

तीच गोष्ट ज्येष्ठमधाची. खोकल्यावर त्याच्यासारखे सोपे औषध नाही, घरोघरी त्याचा तुकडा चघळतात. पण रोज, अधिक प्रमाणात, कित्येक आठवडे घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्यासाठी पुडीवर एक ओळ हवी होती. हेमंताच्या पेटीत अश्वगंधा होती, तिच्याबाबतही थायरॉईडची औषधे घेणाऱ्यांना सावध करायला हवे होते. च्यवनप्राशातली साखर मधुमेह्यांना चालणार नाही, आणि मध असलेले कोणतेही चाटण एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. मी हे सगळे फोनवर विचारले तेव्हा वैद्यांनी प्रत्येक प्रश्नाचे शांतपणे उत्तर दिले, आईच्या गोळ्यांची नावे लिहून घेतली आणि गुळवेल देऊ नका, आधी तिच्या डॉक्टरांशी बोला, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या ज्ञानाबद्दल आणि आस्थेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण विचारण्याची जबाबदारी रुग्णावर टाकलेली आहे, आणि जे फोन करणार नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न मला रात्री सतावत राहिला. नाडी आणि जीभ न पाहता आयुर्वेदात औषध ठरत नाही. ते पेटीला शक्य नसेल, तर निदान दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेणे शक्य आहे.

पेट्या वेळेवर येण्याविषयी थोडक्यात सांगते. चार पेट्या ऋतुसंधीच्या आत आल्या, एक आठवडाभर उशिरा आली, आणि शरदाची पेटी ऋतू निम्मा सरल्यावर पोहोचली. एरवी एवढा उशीर मी मनावर घेतला नसता, पण सगळी मदार ज्या चौदा दिवसांवर आहे तेच हुकले तर पेटीत काय आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

पुस्तिकेबद्दल मात्र सांगावे तेवढे थोडे आहे. सहाही पुस्तिका मी जपून ठेवल्या आहेत. दिवसा झोपणे ग्रीष्मात चालते आणि वसंतात का टाळावे, वर्षा ऋतूत पाणी उकळून निववून का प्यावे, शरदात दही का वर्ज्य, हेमंतात भुकेकडे दुर्लक्ष केल्यास प्रखर झालेला अग्नी शरीरालाच कसा झिजवतो, हे सगळे कारणांसह आणि सरळ मराठीत लिहिले आहे. वसंतात वमन (औषधाने उलटी करवणे), शरदात विरेचन (जुलाब देणे) आणि वर्षेत बस्ती (औषधी एनिमा) ही शरीरशुद्धीची शोधनकर्मे ग्रंथांत सांगितलेली असली तरी ती घरी करू नयेत, वैद्यांच्या देखरेखीखालीच करावीत, असा ठळक चौकटीतला इशाराही आहे. मी पुस्तिकेप्रमाणे दोन गोष्टी नेमाने केल्या : ऋतुसंधीत जेवणाच्या सवयी एकदम न बदलता चार-चार दिवसांनी थोड्या-थोड्या बदलल्या, आणि वसंतात दुपारची झोप बंद केली.

या वर्षी मला तीन वेळा सर्दी झाली. आधीच्या वर्षी माझ्या वहीत सहा नोंदी आहेत. याचे श्रेय हिरड्याला, च्यवनप्राशाला की दुपारची झोप सोडण्याला, हे एका माणसाच्या एका वर्षावरून सांगता येत नाही, आणि तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर कोणत्याही पेटीकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे. सर्दी-खोकल्यावरची ही औषधे लसीची जागाही घेऊ शकत नाहीत.

पुढच्या वर्षाची पूर्ण वर्गणी मी भरलेली नाही. हेमंत आणि शिशिर या दोनच पेट्या मागवल्या आहेत, आणि वर्षभराच्या हिरड्याची डबी अनुपानांसह वेगळी मिळेल का, असे त्यांना लिहून विचारले आहे. सोबत आरोग्यविषयक दहा प्रश्नांचा एक कच्चा मसुदाही पाठवला आहे. वैद्यांचे उत्तर आले, आणि तो कागद वापरायला घेतला आहे असे त्यांनी कळवले. पेटीबरोबर तो प्रत्यक्ष येतो की नाही, हे हेमंताची पेटी उघडल्यावर कळेल.